‘माझा नक्की कुठला हॉर्मोन बिघडलाय?’ : पीसीओडीच्या रिपोर्टवर एक लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, पुण्यात आयटीत नोकरी, पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, हनुवटीवर केस, डोक्यावरचे गळतात, मान काळी पडलीय. उंची ५ फूट २ इंच, वजन ५८. रिपोर्टमध्ये एलएच १४.२, एफएसएच ५.६, प्रोलॅक्टिन २९ (लाल अक्षरात), टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) ३.१, टेस्टोस्टेरॉन ५२ म्हणजे नॉर्मल, एएमएच ९.४, आणि सोनोग्राफीत दोन्ही ओव्हरी पीसीओडीच्या. आधी सहा महिने २१ दिवसांच्या हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्या, बंद केल्यावर पुन्हा पहिले पाढे. तिचं म्हणणं असं की नक्की कुठला हॉर्मोन बिघडलाय ते सांगा, मी जाड नाही तरी मला हे का, गाठी ऑपरेशन करून काढता येतील का, आणि घरी स्थळं बघतायत तर पुढे मूल होईल का.

अगं, तुझ्याच वयाच्या मुली रोज समोर बसतात म्हणून ‘तू’च म्हणते. मी सांगली-मिरज भागात २२ वर्षं बायकांची डॉक्टर म्हणून काम करतेय. इथे लिहिलेलं वाचून गोळ्या सुरू करू नकोस, ते तुझ्या डॉक्टरनी तुला तपासून ठरवायचं. पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते, कारण तू बघतेयस ती ओळ चुकीची आहे.

लाल अक्षरात प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारा हॉर्मोन) आलंय म्हणून तू घाबरलीस. ते सोड थोडा वेळ. तुझ्या शरीरात ज्या हॉर्मोनचा सगळ्यात मोठा खड्डा पडलाय तो त्या कागदावर छापलेलाच नाही, त्याचं नाव प्रोजेस्टेरॉन. आणि ज्या हॉर्मोनमुळे बहुतेक गोंधळ चालू राहतो, इन्सुलिन, तेही त्या कागदावर नाही. बाकी जे आकडे आहेत ते या दोघांच्या मागून आलेली वरात आहे.

आता नीट सांगते. ओव्हरीत दर महिन्याला काही फॉलिकल (बीज असलेल्या बारीक पिशव्या) वाढायला लागतात, त्यातलं एक पुढे निघून १८-२० मिमीचं होतं, फुटतं, त्यातून बीज बाहेर पडतं, आणि फुटल्यावर जी जागा उरते तिथून प्रोजेस्टेरॉन तयार होतं. बीज फुटलंच नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही, इतकं साधं आहे ते. आता या प्रोजेस्टेरॉनचं एक काम आपल्याला माहीत असतं, गर्भाशयाचं अस्तर पिकवायचं आणि वेळेवर झडू द्यायचं. दुसरं काम कोणी सांगत नाही. मेंदूतून एक सिग्नल ठोक्याठोक्याने येत असतो, पाळीनंतरच्या दिवसांत साधारण तास-दीड तासाला एक ठोका, आणि बीज फुटल्यावर प्रोजेस्टेरॉन त्या ठोक्याला लगाम घालतं, मग तो तीन-चार तासांवर जातो. एलएच आणि एफएसएच हे मेंदूखालच्या ग्रंथीतून ओव्हरीला हुकूम देणारे दोन हॉर्मोन, त्यातला एफएसएच फॉलिकल वाढवतो. ठोका जलद असला की एलएच जास्त सुटतो, सावकाश असला की एफएसएचला वाव मिळतो. पीसीओएसमध्ये (पीसीओडीचंच दुसरं नाव) लगाम घालणारंच कोणी नसतं त्यामुळे ठोका जलदच राहतो, एलएच चढा राहतो, एफएसएच तुलनेने कमी पडतो, आणि फॉलिकल पाच-सहा मिमीवर येऊन थांबतात. एकही पुढे जात नाही, म्हणून बीज फुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही, म्हणून ठोका परत जलद. रहाटगाडगं आहे हे, एक पोहरा धरून विचारशील की हाच पहिला का, तर मला सांगता येणार नाही.

आणि त्या सोनोग्राफीत दिसतात ना, त्या गाठी नाहीतच. कणसात दाणा धरला पण भरला नाही, तसे ते अर्धवट थांबलेले फॉलिकल आहेत. ओव्हरीच्या कडेने माळेसारखे दिसतात. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी ७ बायकांवर लेख लिहिला, त्यांनी ओव्हरीचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला आणि पाळ्या सुरू झाल्या, तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष त्या ‘सिस्ट’वर अडकलं आणि नावही तेच चिकटलं. आज तसं कापत नाही, अगदी निवडक केसमध्ये दुर्बिणीतून ओव्हरीला डाग देतात, तेही मूल हवं असेल आणि गोळ्यांनी झालं नाही तर. तेव्हा तुला ऑपरेशनची गरज नाही, काढण्यासारखं तिथे काही नाहीये. आणि हो, पीसीओडी म्हणजे सौम्य आणि पीसीओएस म्हणजे गंभीर असं मोबाईलवर फिरतं त्यात काही अर्थ नाही, आपल्याकडे एकाच गोष्टीला दोन्ही म्हणतात.

खरं म्हणजे तुझ्या निदानाला सोनोग्राफी लागतच नव्हती. २००३ साली रॉटरडॅमला निकष ठरले ते थोड्याफार बदलाने आजही चालतात, तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: पाळी अनियमित, अँड्रोजन (टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हॉर्मोन) जास्त असल्याची खूण (चेहऱ्यावर केस किंवा रक्तात), आणि ओव्हरीचं तसं चित्र. तुला पहिल्या दोन आहेतच. फक्त थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि ॲड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात प्रकार असतो तो नाही ना हे बघायचं, त्यासाठी सकाळी १७ हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन नावाची टेस्ट असते, ती तुझ्या यादीत दिसली नाही. उलट पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना नुसत्या सोनोग्राफीवर ‘पीसीओडी’ चा शिक्का मारून पाठवतात त्याचा मला फार राग येतो. त्या वयात ओव्हरी तशीच दिसते. २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं निदानासाठी सोनोग्राफी धरू नका. पण मुलगी रिपोर्ट घेऊन येते, आईचा चेहरा उतरलेला, आणि त्या पोरीने ‘मला मूल होणार नाही’ हे दहावीतच मनात पक्कं केलेलं असतं.

बरं, आता तुझा रिपोर्ट.

पहिला प्रश्न, रक्त कितव्या दिवशी दिलंस? तू खाली लिहिलंयस की पाळी येऊन ४७ दिवस झाले होते. मग त्या एलएच-एफएसएचला मी फार किंमत देत नाही. ते पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात बघायचे असतात. मधेच बघितलं आणि योगायोगाने बीज फुटायची वेळ असली तर एलएच उगाच वर दिसतो. एलएच एफएसएचच्या दुप्पट-अडीचपट म्हणजे पीसीओडी असं आम्ही शिकलो होतो, आता ते निकषात नाही, अनेक जणींचं हे प्रमाण सरळ असतं तरी पीसीओएस असतो.

प्रोलॅक्टिन २९. थोडंसंच वर आहे. झोप नीट नसली, सुई टोचायची भीती, लॅबपर्यंत धावत जाऊन लगेच रक्त दिलं, एवढ्यानेही वर जातं. आणि एक विचारते, ॲसिडिटीची कॅप्सूल घेतेस का? आपल्याकडे त्यात सर्रास डॉम्पेरिडोन असतं आणि ते प्रोलॅक्टिन चांगलंच वाढवतं. माझ्याकडे एक शिक्षिका आली होती, प्रोलॅक्टिन नव्वदच्या पुढे, कोणीतरी मेंदूचा एमआरआय लिहून दिलेला, घरात रडारड. पर्समधून औषधं काढायला लावली तर दोन महिने रोज सकाळी उपाशीपोटी तीच कॅप्सूल. बंद केली, दोन आठवड्यांनी परत टेस्ट, सोळा. तेव्हा २९ वर गोळी नाही, एमआरआय नाही, आधी शांतपणे बसून पुन्हा टेस्ट.

केस गळतात म्हणून बायोटिन (केस-नखांसाठी घेतात ते व्हिटॅमिन) घेतेस असं लिहिलंयस. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि लॅबवाले विचारत नाहीत. बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये टेस्ट करण्याची पद्धतच बायोटिनवर चालते, तुझ्या रक्तात बाहेरून घेतलेलं बायोटिन असलं की मशीन फसतं. टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसू शकतं, टीएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन खोटंच कमी दिसू शकतं. केस-नखांच्या गोळीत ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, ते पुरेसं आहे गोंधळ घालायला. टेस्टच्या आधी निदान दोन-तीन दिवस बंद ठेव.

आता टेस्टोस्टेरॉन ५२, नॉर्मल. मग हनुवटीवर केस कुठून? इथे खरी गंमत आहे. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन दावणीला बांधलेल्या गुरांसारखं असतं, एसएचबीजी नावाचं एक प्रोटीन लिव्हर बनवतं त्याला ते बांधलेलं असतं. बांधलेलं जनावर काही करत नाही, जे मोकाट सुटतं तेच शेतात शिरतं. इन्सुलिन चढं असलं की लिव्हर एसएचबीजी कमी बनवतं. म्हणजे गुरं तेवढीच पण दावणीची दोरीच तोकडी. हिशोब करून दाखवते. तुझं ५२ म्हणजे दुसऱ्या मापात साधारण १.८. त्याला शंभरने गुणायचं आणि एसएचबीजीने भागायचं. एसएचबीजी ६० असेल तर उत्तर येतं ३, ठीक आहे. एसएचबीजी १८ असेल तर उत्तर येतं १०. मी साधारण पाचच्या वर गेलं की कान टवकारते. टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा तेच ५२, रिपोर्टवर दोन्ही वेळा ‘नॉर्मल’, पण एकीला काही नाही आणि दुसरी दर आठ दिवसांनी पार्लरमध्ये. तुझं एसएचबीजी केलेलंच नाही. आणि मशीनच्या फ्री (म्हणजे मोकाट) टेस्टोस्टेरॉनच्या साध्या टेस्टवर माझा फार विश्वास नाही, बायकांमध्ये आकडे इतके लहान असतात की ती चुकते. नुसतं बघूनही कळतं, ओठावर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली, मांडीवर असे नऊ ठिकाणचे केस बघून मार्क देण्याची पद्धत आहे. मी रिपोर्टच्या आधी ते बघते. फक्त मुली थ्रेडिंग करूनच येतात त्यामुळे विचारावं लागतं, किती दिवसांनी करतेस. (थ्रेडिंगने केस जाड होतात हा गैरसमज आहे, कर बिनधास्त.)

एएमएच ९.४ बघून कोणी तुला म्हणेल वा, भरपूर अंडी आहेत, कोणी म्हणेल फार जास्त आहे, धोका. दोन्ही नको. ते अर्धवट थांबलेलं प्रत्येक फॉलिकल थोडं थोडं एएमएच बनवतं, तुझ्याकडे ती संख्या जास्त म्हणून आकडा जास्त, बस. मोठ्या बायकांमध्ये आता सोनोग्राफीऐवजी एएमएच निदानाला चालतं एवढाच त्याचा उपयोग. दर सहा महिन्यांनी एएमएच करून ‘पीसीओडी कमी झाला का’ बघायला येतात, तो खर्च वाया आहे.

आता मानेबद्दल, कारण तू ते प्रश्नात शेवटी, जाता जाता लिहिलंयस आणि मला ते सगळ्यात आधी दिसलं. आई लिंबू आणि बेसन लावून घासते म्हणालीस. ते घासणं आधी बंद करा, कातडी सोलते आणि अजून काळी होते. तो मळ नाही, मखमलीसारखी जाडसर होते बघ ती त्वचा, काखेतही असेल. इन्सुलिन रक्तात बराच काळ चढं असलं की त्वचेतल्या पेशी वाढतात त्याची ती खूण आहे. माझ्यासाठी ती मान म्हणजे फुकटात मिळालेला रिपोर्ट आहे.

म्हणजे साखर वाढलीय का? बहुतेक नाही. अजून नाही. स्नायू इन्सुलिनचं ऐकत नाहीत म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं, त्यामुळे साखर नॉर्मल राहते. पण ओव्हरी काही बहिरी झालेली नसते, तिला ते जास्तीचं इन्सुलिन चांगलं ऐकू येतं, आणि एलएचच्या जोडीने ती जास्त अँड्रोजन बनवते. लिव्हरचं आत्ताच सांगितलं. एकाच वेळी एक अवयव ऐकत नाही आणि दुसरा जास्त ऐकतो.

‘मी जाड नाही तरी का’ हा प्रश्न मला आवडतो कारण याचं उत्तर पुण्यातूनच आलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) तोच, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला दोघं सडपातळच. आपलं असं आहे, स्नायू कमी, पोटातली चरबी जास्त, आणि वजनकाटा ते दाखवत नाही. तुझा बीएमआय येतो २३.४, आपल्याकडच्या मापाने २३ च्या पुढे आताच जास्त धरतात. पण तू आधी टेप घे आणि पोट मोज. ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर मला तुझ्या ५८ किलोशी काही देणंघेणं नाही. अगदी खरंच बारीक मुलींनाही पीसीओएस असतो, त्यांना ‘वजन कमी कर’ सांगणं हा मूर्खपणा आहे.

साखरेची टेस्ट मात्र नीट करायची, नुसती उपाशीपोटीची नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी परत रक्त. पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर ९० आणि दोन तासांची १५५ अशा कितीतरी मुली बघितल्यात, पहिल्याच आकड्यावर थांबलो असतो तर सुटल्या असत्या. १४० च्या पुढे गेलं की पूर्वमधुमेह धरायचा. फास्टिंग इन्सुलिन मी सहसा लिहीत नाही, लॅबगणिक आकडा बदलतो आणि त्याने माझा निर्णय बदलत नाही.

गोळ्यांकडे येऊ. ‘सहा महिने घेतल्या, बंद केल्यावर परत तेच, म्हणजे उपयोग झाला नाही.’ अगं, त्या गोळ्यांचं काम मेंदूचा तो ठोका दाबायचा, एलएच खाली आणायचा, लिव्हरकडून एसएचबीजी वाढवून घ्यायचं (म्हणजे दोरी लांब), आणि अस्तराला बाहेरून प्रोजेस्टेरॉनसारखं औषध पुरवायचं. जोवर घेतेस तोवर हे होतं. गोळ्या सोडल्या की रहाटगाडगं परत फिरायला लागतं. चष्मा काढल्यावर धूसर दिसतं म्हणून चष्मा बिघडला म्हणत नाही आपण. त्या गोळ्यांवर महिन्याला येतं ते खऱ्या अर्थाने पाळी नव्हे, औषध थांबवल्यावरचं रक्त आहे, ‘माझी पाळी रेग्युलर झाली’ असं समजू नकोस. पण मुरुम-केस आणि अस्तर या दोन्हींसाठी चांगल्या आहेत. फक्त डोकेदुखीच्या आधी डोळ्यापुढे चकाकी येणारं मायग्रेन, बीपी, सिगारेट, स्वतःला किंवा घरात कोणाला रक्ताची गाठ झालेली, यातलं काही असलं तर डॉक्टरला आधी सांगायचं. आणि या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासून काही कळत नाही, निदान तीन महिने बंद हव्यात.

गोळ्या घ्यायच्याच नसतील तरी एक गोष्ट मी कोणाचंही ऐकून सोडत नाही. ९० दिवसांपेक्षा जास्त पाळीशिवाय जाऊ द्यायचं नाही. तेव्हा प्रेग्नन्सी नाही हे बघून दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी द्यायची आणि अस्तर झडू द्यायचं. का ते सांगते. एक बाई आली होती, तिशीतली, सात महिने पाळी नाही, ‘बरंच झालं, कटकट गेली’ म्हणून गप्प. मग सुरू झालं ते एकोणीस दिवस थांबेना. आली तेव्हा ओठ पांढरे, हिमोग्लोबिन ६.८, जिना चढून आली तर बोलता येईना. सोनोग्राफीत अस्तर १९ मिमी. रक्त चढवलं, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, नशिबाने कॅन्सर नव्हता, नुसतं अस्तर वाढलेलं. औषध सोडणारी तांबीसारखी एक वस्तू गर्भाशयात बसवतात ती बसवली, सहा महिन्यांनी परत तुकडा तपासला, साफ. हा त्याच प्रोजेस्टेरॉनच्या खड्ड्याचा परिणाम. इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं आणि झाडायला कोणी नाही. पीसीओएसमध्ये अस्तराच्या कॅन्सरची शक्यता वाढते ती यामुळेच, तरुणपणी ती कमीच असते, पण म्हणून सात-सात महिने बसून राहायचं नाही.

यावरून आठवलं. गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे घराघरात घेतात. त्यानंतर दोन-तीन दिवसांत धो धो पाळी आली की सासू म्हणते बघ गोळ्यांनी बिघडलं. जिला तीन महिने आलीच नव्हती तिचं उलट बिघडलेलं थोडं निस्तरलेलं असतं, प्रोजेस्टेरॉनच्याच जातीची गोळी आहे ती! पण मेडिकलमधून आपली आपण आणून घेऊ नका, प्रेग्नन्सी आहे का, गाठीचा त्रास आहे का, कोणी बघितलेलं नसतं.

चेहऱ्याच्या केसांना वेळ लागतो. औषधाने नवीन केस जाड होणं थांबतं, आधीच जाड झालेला केस परत लव होत नाही, त्याला लेझरच. सहा महिन्यांच्या आत ‘फरक नाही’ म्हणून येऊ नकोस. स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी चांगली काम करते पण ती घेताना दिवस राहिलेले चालत नाहीत, मुलगा असेल तर गर्भावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे संततिनियमनाची सोय असल्याशिवाय मी देत नाही. आणि केस दोन-चार महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, टेस्टोस्टेरॉन दीडशे-दोनशेच्या घरात, तर ते पीसीओएस समजून घरी बसायचं नाही, ओव्हरी किंवा ॲड्रिनलची गाठ बघावी लागते. तुझं तसं नाहीये.

मेटफॉर्मिन ही इन्सुलिनचं काम सुधारणारी मधुमेहाची गोळी, तुझी मान बघता, तुझ्या डॉक्टरशी बोलण्यासारखी गोष्ट आहे. पहिले दोन आठवडे पोट बिघडतं म्हणून रात्रीच्या जेवणाबरोबर ५०० पासून हळूहळू वाढवायची. एकदम पूर्ण डोस दिला की पोरी चौथ्या दिवशी सोडून देतात. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ बघत राहायचं, शाकाहारी असशील तर जास्तच. इनॉसिटॉलच्या पुड्यांबद्दल सगळे विचारतात, पुरावा तोकडा आहे, नुकसान फारसं नाही, महाग आहेत. परवडत असेल तर घे, पण ती घेतेय म्हणून बाकी काही सोडू नकोस.

खाण्याचं मी थोडक्यात सांगते कारण डाएटचे तक्ते कोणी पाळत नाही, मीही पाळलेले नाहीत. तुझा दिवस लिहिलायस त्यात सकाळी चहा-खारी, अकराला चहा, जेवणात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, चारला चहा-बिस्कीट, रात्री वरणभात. यात गोड असं काही खात नाहीस म्हणतेस पण तीन चहांत दोन-दोन चमचे म्हणजे सहा चमचे साखर झाली. आणि प्रोटीन कुठेय? ते एक वाटी वरण, तेही वरचं पाणी. मला तुझी पोळी सोडवायची नाही. दोन पोळ्या कर, वाटीभर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ वाढव, दही घे, अंडं-मासे चालत असतील तर खा. ज्वारी-नाचणी चांगली, पण चार भाकऱ्या खाल्ल्या तर ज्वारीने काही वाचवलं नाही. आणि उपास! मंगळवार, चतुर्थी, नवरात्र, साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ स्टार्च, वरून बटाटा. उपास सोड म्हणत नाही, वरई-आमटी, शेंगदाणे, ताक, पनीर असं कर.

व्यायामात चालणं ठीक, पण मला तुझे स्नायू वाढलेले हवेत, कारण साखर जाळणारी मुख्य भट्टी तीच आणि स्नायू काम करत असताना इन्सुलिन नसलं तरी साखर आत ओढतात. आठवड्यातून दोनदा वजनं उचल, उठाबशा काढ, आयटीच्या खुर्चीतून दर तासाला ऊठ. जिथे वजन खरंच जास्त आहे तिथे ५ टक्के उतरलं तरी कितीतरी जणींचं बीज आपसूक फुटायला लागतं, ७० किलोची असेल तर साडेतीन किलो. तुझ्या बाबतीत काटा नाही हलला तरी चालेल, टेप हलला पाहिजे. आणि झोप, रात्री किती वाजता झोपतेस ते लिहिलं नाहीस. मन कसं असतं तेही लिहिलं नाहीस. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त दिसते, ते ‘केसांमुळे टेन्शन’ एवढंच नसतं, तसं वाटत असेल तर डॉक्टरला त्या यादीतच सांग.

मूल. होईल. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं, काहींना आपोआप, काहींना थोड्या मदतीने. अंडी संपलेली नसतात, फुटत नाहीत एवढंच. बीज फुटावं म्हणून पाच दिवसांच्या लेट्रोझोलच्या गोळ्या आज पहिली पसंती आहेत. आपल्याकडे २०११ मध्ये सरकारने वंध्यत्वासाठी ते बंद केलं होतं, २०१७ मध्ये बंदी उठली, म्हणून त्या काळात ट्रीटमेंट घेतलेल्या तुझ्या मावश्या-वहिन्या वेगळ्याच गोळीचं नाव सांगतील. दिवस राहण्याआधी साखर आणि बीपी नीट असलेलं बरं कारण गरोदरपणातला मधुमेह यांच्यात जास्त होतो. आणि याची दुसरी बाजू, पाळी येत नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं धरून चालू नकोस. बीज कधी फुटेल याचा नेम नसतो आणि ते पाळीच्या आधी फुटतं, नंतर नाही. असे ‘अचानक’ चार महिने घेऊन आलेल्या मी दर वर्षी बघते.

लग्न झालं की आपोआप बरं होतं असं आईला कोणीतरी सांगितलंय, ते खोटं आहे. स्थळाला सांगायचं की नाही हा तुझा प्रश्न, माझा नाही. पण माझ्याकडे नवरा-बायको येतात तेव्हा ज्याला आधी माहीत असतं तो शेजारी बसतो, आणि ज्याला लग्नानंतर कळलेलं असतं त्याची आई शेजारी बसते.

तर डॉक्टरकडे जाशील तेव्हा गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा फोनमध्ये लिहून ने, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून ने, बायोटिन आणि ॲसिडिटीची कॅप्सूल धरून. पाळी आली की दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सकाळी एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, १७ हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन पुन्हा, आणि त्याच दिवशी उपाशीपोटी गेलीस तर ग्लुकोजची दोन तासांची टेस्टही उरकून घेता येते, फक्त ऑफिसला अर्धी सुट्टी टाक कारण दोन तास तिथेच बसायचंय, मधे चहा नाही. ४७ दिवस तेव्हाच झाले होते, आज ९० च्या पुढे गेली असशील तर पाळीची वाट बघू नकोस, या आठवड्यातच जा.